रेंज नसताना वाचायचं: कॅलिबरकडून रोजचा अंक आपोआप काढून घेण्याची रीत

मी नोकरीसाठी संगमेश्वरहून रत्नागिरीला ये-जा करते. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. नाव त्याचं होतं, पण रेंज त्याच्या कितीतरी आधी, डोंगरात शिरतानाच गेलेली असते. फोनवर उघडलेलं पान अर्ध्यावर थांबतं आणि गोल चक्र फिरत बसतं. शेजारची मंडळी डोळे मिटतात. मी वाचते, कारण माझं वाचायचं सामान पहाटेच माझ्या किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, येऊन पडलेलं असतं. ते येण्यासाठी मला रोज काहीही करावं लागत नाही. एकदा बसून जे करायचं ते इथे सांगते.

यासाठी लागतं ते असं: एक कॉम्प्युटर, जुना चालेल. घरात वायफाय. वाचायला किंडल, टॅब किंवा फोन. आणि कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम. तो विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतो. कोविद गोयल यांनी 2006 साली तो सुरू केला, कारण सोनीचं ई-बुक रीडर लिनक्सशी बोलत नव्हतं. आजही तो नियमितपणे सुधारत राहतो. बहुतेक लोक कॅलिबरकडे पुस्तकांचं कपाट म्हणून बघतात. पण त्यात ‘फेच न्यूज’ नावाचं एक बटण आहे, ते कुणी दाबत नाही. आपलं सगळं काम त्या बटणात आहे.

कुणी विचारील, एवढं कशाला, ‘नंतर वाचा’वाली ॲप्स आहेत की. आहेत, आणि जातातही. पाम नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्रांच्या जमान्यात ॲव्हंटगो नावाची सेवा वेबसाइटी खिशातल्या यंत्रावर उतरवून द्यायची, ती 2009 मध्ये बंद झाली. किंडलवरची मासिकांची वर्गणी ॲमेझॉननं 2023 मध्ये गुंडाळली. मोझिलाचं पॉकेट 8 जुलै 2025 ला बंद पडलं आणि लोकांचे साठवलेले लेख हलवताना धांदल उडाली. स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणारी व्यवस्था असली की निदान ती बंद करायची का हे आपण ठरवतो.

आधी फीड शोधा

कॅलिबरला वेबसाइटचा साधा पत्ता देऊन भागत नाही. त्याला फीड लागतं, म्हणजे त्या साइटवरच्या नव्या लेखांची यंत्राला वाचता येणारी यादी. नारिंगी रंगाचं, लहरींसारखं चिन्ह दिसलं तर त्यावर उजवं क्लिक करून पत्ता कॉपी करा. आताशा ते चिन्ह बरेच जण लपवतात, पण यादी आत असतेच. साइट वर्डप्रेसवर असेल तर मुख्य पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘फीड’ हा शब्द लावून बघा. ब्लॉगरवर असेल तर ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डिफॉल्ट’ हे तीन शब्द, प्रत्येकाआधी तिरकी रेघ. अर्थात सगळं इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत. मराठीत हौसेनं आणि जीव लावून लिहिणाऱ्यांचं बरंचसं लेखन या दोनच ठिकाणी आहे, त्यामुळे एवढ्यावर पुष्कळ काम होतं. ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडल्यावर विचित्र कंसांनी भरलेला मजकूर दिसला की समजा, मिळालं.

मोठ्या वर्तमानपत्रांसाठी हेही करायला नको. ‘फेच न्यूज’ उघडलं की डावीकडे भाषावार यादी येते. जगभरच्या कितीतरी वृत्तपत्रांच्या आणि मासिकांच्या तयार कृती त्यात आहेत. कॅलिबरवाले त्याला ‘रेसिपी’च म्हणतात. वर्गणी भरून वाचायचं प्रकाशन असेल आणि त्याची रेसिपी लॉगिन मागत असेल, तर उजवीकडे नाव आणि पासवर्ड भरायची जागा दिसते. वर्गणी मात्र आपली हवी.

स्वतःचा अंक बांधणं

‘फेच न्यूज’च्या बाजूच्या छोट्या बाणावर क्लिक करा आणि ‘ॲड ऑर एडिट अ कस्टम न्यूज सोर्स’ निवडा. मग ‘न्यू रेसिपी’. वर अंकाचं नाव द्या. माझ्या अंकाचं नाव ‘सकाळची गाडी’ आहे, तुम्ही काहीही द्या. खाली फीडचं नाव आणि पत्ता टाकून ‘ॲड फीड’. एका अंकात हवी तेवढी फीड घालता येतात, प्रत्येकाचा वेगळा विभाग पडतो. मग सेव्ह.

इथे दोन आकडे आहेत आणि सगळी गंमत त्या दोन आकड्यांत आहे. ‘ओल्डेस्ट आर्टिकल’ म्हणजे किती दिवसांपर्यंतचे लेख घ्यायचे. तो आधीपासून 7 असतो. ‘मॅक्स नंबर ऑफ आर्टिकल्स’ म्हणजे एका फीडमधून जास्तीत जास्त किती, तो 100 असतो. हे तसेच ठेवून रोजचा अंक लावला तर काय होईल? कालचा अंक काय होता हे अशा साध्या रेसिपीच्या लक्षात राहत नाही. सोमवारी आलेला लेख मंगळवारी येतो, बुधवारी येतो, रविवारपर्यंत येत राहतो. त्यामुळे हा आकडा आणि वेळापत्रक यांचा मेळ बसला पाहिजे. रोजच्या अंकाला 1, आठवड्याच्या अंकाला 7. रोजच्याला मी 2 ठेवते. एखाद्या रात्री वीज गेली आणि अंक निघाला नाही तर लेख हातचा जात नाही. त्याच्या बदल्यात एखादा लेख दोनदा दिसतो, तो सरकवायचा.

दुसरा आकडा मी 8 वर आणला आहे. शंभर लेखांचा अंक वाचून होत नाही, नुसता साठतो. आणि साठलेल्या गोष्टीकडे आपण कसं बघतो ते फोनमधल्या बुकमार्कांची यादी उघडून ज्यानं त्यानं बघावं. माझा अंक रत्नागिरी येईपर्यंत आणि परत येताना संगमेश्वर येईपर्यंत संपावा एवढाच मी ठेवला आहे. शेवटचं पान असणं हीच तर छापील अंकाची मजा होती. म्हणून माझं म्हणणं, दोन अंक करा. रोज लिहिणाऱ्या जागांचा एक रोजचा, आणि महिन्यातून दोन-तीनदाच पण नीट लिहिणाऱ्यांचा एक आठवड्याचा, शनिवारी पहाटे येणारा. दोन्ही एकत्र कोंबलेत तर आठवड्यातून एकदाच लिहिणारा माणूस बातम्यांच्या ढिगाखाली सापडतच नाही.

अंक लगेच काढून बघायचा असेल तर यादीत ‘कस्टम’ विभागात आपली रेसिपी दिसते. तिच्यावर जाऊन ‘डाउनलोड नाउ’ दाबा. खाली उजव्या कोपऱ्यात ‘जॉब्ज’मध्ये काम चाललेलं दिसेल. तयार झालेला अंक पुस्तकांच्या यादीत येतो, त्यावर ‘न्यूज’ असा टॅग असतो.

पहिल्या अंकात बहुधा लेखाबरोबर ‘हेही वाचा’चे तुकडे, कधी शेअर करायच्या बटणांची नावं येतील. कॅलिबर आपल्या अंदाजानं पान साफ करतं आणि तो अंदाज बऱ्याचदा बरोबर असतो, नेहमी नाही. जिथे चुकतो तिथे ‘स्विच टू ॲडव्हान्स्ड मोड’ दाबून रेसिपीचा मूळ मजकूर उघडता येतो. घाबरू नका, पायथन भाषेतल्या मोजक्या ओळी असतात. मी त्यात तीन गोष्टी घालते. एक, ‘लँग्वेज’ ही ओळ, तिच्यात अवतरणांत मराठीचा संकेत, एम आणि आर ही दोन अक्षरं लहान लिपीत. दोन, ‘कॉम्प्रेस न्यूज इमेजेस’, शब्दांच्या मध्ये खालच्या रेघा देऊन, बरोबरच्या चिन्हापुढे ‘ट्रू’. यानं फोटोंचं वजन उतरतं. तीन, ‘डिले’ बरोबर 2, म्हणजे दोन पानांच्या मध्ये दोन सेकंद थांब. कॅलिबर एरवी पाच पानं एकदम मागतं. एखादीनं हौसेनं चालवलेल्या छोट्या साइटवर एवढं तुटून पडायचं कारण नाही. पहाटे आपल्याला घाई कुठे आहे? नवी ओळ वरच्या ओळीइतकीच आत सरकवून सुरू करा, पायथनला डावीकडची मोकळी जागा कमीजास्त झालेली खपत नाही.

वेळ लावणं

रेसिपीवर क्लिक केलं की उजवीकडे ‘शेड्यूल फॉर डाउनलोड’ दिसतं. खूण करा आणि वार निवडा. वेळेच्या आधी ‘आफ्टर’ हा शब्द आहे, तो नीट वाचा. पाच वाजता नव्हे, पाचनंतर. त्या वेळी कॉम्प्युटर बंद असला तरी त्याच दिवशी नंतर कॅलिबर सुरू झालं की काम उरकून घेतं. महिन्यातल्या तारखा किंवा ‘दर इतक्या दिवसांनी’ असेही पर्याय आहेत. शेजारच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात किती अंक ठेवायचे ते विचारतात. तिथे शून्य म्हणजे सगळे, म्हणून 3 घाला. नाहीतर वर्षाअखेर लायब्ररीत फक्त शिळ्या बातम्या.

अट एकच, कॅलिबर चालू पाहिजे. ते बंद असताना वेळापत्रक बघायला कुणी नसतं. ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘लुक अँड फील’मध्ये सिस्टिम ट्रेचं चिन्ह चालू करा, म्हणजे खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम कोपऱ्यात जिवंत राहतो. विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये त्याचा शॉर्टकट टाका, म्हणजे मशीन सुरू झालं की तोही सुरू. पॉवर सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर ‘काही करू नको’ आणि चार्जर लावलेला असताना झोप ‘कधीच नाही’.

यासाठी नवं मशीन अडवू नका. आमच्याकडे बिजागरी गेलेला एक लॅपटॉप कपाटावर पडून होता, त्यालाच हे काम दिलंय. बॅटरी अर्धा तास टिकली तरी पुरे, कोकणातल्या पावसाळ्यात वीज चारदा डोळे मिचकावते तेवढं ती झेलते. पण राउटरला बॅटरी नसते हे विसरू नका. वीज गेली की लॅपटॉप जागा आणि इंटरनेट झोपलेलं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेतल्यापासून पहाटेचा अंक चुकणं जवळजवळ थांबलं.

किंडलवर पोचवणं

तार लावून नेणं सगळ्यात सोपं. किंडल जोडलं की कॅलिबर नवा अंक स्वतःहून त्यावर चढवू शकतं, ‘प्रेफरन्सेस’च्या ‘बिहेवियर’मध्ये तशी खूण आहे. पण रोज सकाळी डबा भरायच्या वेळी तार कोण शोधणार? म्हणून ईमेल.

प्रत्येक किंडलला एक ईमेल पत्ता असतो. ॲमेझॉनच्या खात्यात ‘मॅनेज युअर कंटेंट अँड डिव्हायसेस’मध्ये जा, ‘प्रेफरन्सेस’, मग ‘पर्सनल डॉक्युमेंट सेटिंग्ज’. तिथे तो पत्ता दिसेल. त्याच पानावर खाली परवानगी असलेल्या पाठवणाऱ्यांची यादी असते, तिच्यात ज्या ईमेलवरून अंक जाणार तो पत्ता घाला. हे केलं नाही तर अंक किंडलपर्यंत पोचतच नाही.

आता कॅलिबरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘शेअरिंग बुक्स बाय ईमेल’. वर किंडलचा पत्ता घाला, फॉरमॅटच्या जागी इपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) लिहा, आणि ‘ऑटो सेंड’च्या चौकोनात खूण करा. ही खूण म्हणजे सगळ्या व्यवस्थेचा कणा. ती असली की डाउनलोड झालेला अंक लगेच त्या पत्त्यावर रवाना होतो. खाली पाठवणाऱ्या खात्याची माहिती. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढा आणि तो इथे घाला. मी यासाठी वेगळंच खातं उघडलंय, रोजच्या पत्रव्यवहाराच्या खात्याची किल्ली कपाटावरच्या लॅपटॉपला द्यायची नाही म्हणून.

फॉरमॅटबद्दल जुने सल्ले मोबी हा दुसरा प्रकार करा असं सांगतात, ते सोडून द्या. ॲमेझॉन 2022 पासून ईमेलनं इपब घेतं आणि मोबी घेणं बंद झालंय. कॅलिबरच्या ‘बिहेवियर’मध्ये आवडीचा फॉरमॅट इपब आहे ना, ते बघून घ्या. ईमेलला 50 एमबीची मर्यादा आहे. फोटो दाबून घेतले असतील तर तिथपर्यंत आपला अंक जात नाही. वर भाषेची ओळ घालायला सांगितली तिचा उपयोगही इथेच: फाइलमध्ये भाषा नोंदलेली नसली की ॲमेझॉनकडून ती कधी कधी परत येते.

रात्री किंडलचं वायफाय चालू ठेवा, एअरप्लेन मोड काढा. आणि अधूनमधून ॲमेझॉनच्या खात्यातले जुने अंक हातानं उडवा. कॅलिबरमध्ये तीनच ठेवा म्हटलं तरी तिकडे पोचलेल्यांवर त्याचं राज्य नाही.

आप्पांचा टॅब

माझे वडील किंडलला हात लावत नाहीत, त्यांना रंगीत फोटो हवेत. टॅबवर किंडल ॲप घालून त्याच्या स्वतंत्र पत्त्यावर असाच ईमेल पाठवता येतो. पण आप्पांना ॲमेझॉनचं खातं नको होतं, म्हणून दुसरी वाट काढली. कॅलिबरच्या ‘कनेक्ट/शेअर’ बटणात ‘स्टार्ट कंटेंट सर्व्हर’ आहे. तो सुरू केला की घरच्या वायफायवरच्या कुठल्याही यंत्राला कॅलिबरची लायब्ररी दिसते. पत्ता म्हणजे त्या लॅपटॉपचा आयपी (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता), पुढे कोलन आणि 8080. फायरवॉल विचारील, घरच्या नेटवर्कपुरती परवानगी द्या. कॅलिबरबरोबर सर्व्हरही आपोआप सुरू व्हावा अशी खूण ‘शेअरिंग ओव्हर द नेट’मध्ये आहे. राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी पक्का करून ठेवा, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलू शकतो आणि घरातून हाक येते.

टॅबवर कोरीडर हे मोफत ॲप घातलंय. त्याच्या शोधाच्या मेनूत ओपीडीएस कॅटलॉग (ॲपला वाचता येणारी पुस्तकांची यादी) असतो, तिथे वरचाच पत्ता, शेवटी तिरकी रेघ आणि ओपीडीएस. मग यादीतून अंक निवडायचा आणि उतरवायचा. तेवढं बोट आप्पा लावतात. नंतर टॅब घेऊन ते वाडीत जातात, तिथे वायफाय पोचत नाही आणि पोचायची गरजही उरत नाही.

देवनागरीचं काय

किंडलवर मराठी पुस्तकं 2016 च्या डिसेंबरपासून आहेत, त्यामुळे आताच्या किंडलवर जोडाक्षरं नीट उमटतात. तरी ‘कऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ हे शब्द बघून घ्या. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांची सोंड तुटली असेल तर फॉन्ट कच्चा आहे. काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. चालतं, पण तासभर वाचायचं असलं की टोचतं. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे, लांब वाचनाला छान. ‘मुक्त’ नावाचा फॉन्टही चांगला, थोडा आधुनिक. किंडल तारेनं जोडून त्याच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये फाइल टाका, मग अक्षरांच्या मेनूत तो दिसतो.

अंकात मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला तर दोष बहुधा तुमच्या रेसिपीचा नाही. ती साइट युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या काळातली, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टंकलेली आहे. त्या फॉन्टशिवाय तो मजकूर सरळ वाचता येत नाही. अशा साइटचा नाद सोडावा.

फीड नसलेल्या जागा

काही साइटी रोज बदलत नाहीत पण पूर्ण जवळ असाव्यात असं वाटतं. त्यांच्यासाठी एचटीट्रॅक हा मोफत प्रोग्रॅम आहे. पत्ता द्यायचा, किती पातळ्या आत जायचं ते सांगायचं (2 पुरे, 3 म्हणजे पुष्कळ), आणि तो सगळी पानं दुव्यांसकट फोल्डरमध्ये उतरवतो. पुढच्या वेळी ‘अपडेट’ निवडलं की असलेली प्रत ताजी करून घेतो. पातळीला मर्यादा न घालता सोडून देऊ नका, भलतीकडे भटकतो आणि समोरच्या सर्व्हरलाही त्रास. स्क्रोल करू तसं भरत जाणाऱ्या आधुनिक साइटींपुढे त्याचं काही चालत नाही. मराठी विकिपीडिया हवा असेल तर हा खटाटोप करूच नका. किविक्स ॲपमध्ये अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये तयार मिळतो.

उतरवलेलं सगळं स्वतः वाचण्यापुरतं. अंक छान बांधला म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर फाइल टाकायची नाही, लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्याकडेच आहे.

अंक आला नाही तर

‘जॉब्ज’ उघडा, फसलेल्या कामावर दोनदा क्लिक करा आणि मजकुराची शेवटची ओळ वाचा. लेखच सापडले नाहीत असं म्हणत असेल तर बहुतेक वेळा कुणी काही लिहिलेलंच नसतं. आठवड्याच्या अंकाला हे होतं, गणपतीत तर हमखास. 403 आकडा दिसला तर साइटनं यंत्राला दार लावलंय. 404 दिसला तर फीडचा पत्ता बदललाय, तो ब्राउझरमध्ये उघडून बघा. कॅलिबरच्या तयार रेसिपींपैकी एखादी बिघडली तर दोन-चार दिवस थांबा. कुणीतरी ती दुरुस्त करतं आणि कॅलिबरची नवी आवृत्ती न घालताही दुरुस्त रेसिपी पुढच्या डाउनलोडला आपोआप येते. स्वतः बांधलेली रेसिपी मात्र स्वतःच दुरुस्त करायची. अंक कॅलिबरमध्ये आहे पण किंडलवर नाही, असं झालं तर आधी ॲप पासवर्ड तपासा. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की तो रद्द होतो आणि नवा काढून घालावा लागतो.